पाऊस गच्चीवर पडतो, माणसं मजल्यांवर वाढतात

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. पहिलाच विषय पाण्याच्या टँकरचा. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मी खजिनदार, त्यामुळे टँकरच्या बिलांची फाइल माझ्या मांडीवर आणि शिव्याही माझ्याच वाट्याला. तेवढ्यात तेराव्या मजल्यावरचे एक काका उठले. म्हणाले, "मूळ रोगाबद्दल कुणी बोलतच नाही. लोकसंख्या! लोकांना दोनवर थांबता येत नाही, मग पाणी कुठून पुरणार?" टाळ्या पडल्या.

मी हिशेबाचा माणूस. घरी येऊन सभासदांची यादी उघडली. तीस मजले, मजल्यावर चार फ्लॅट, म्हणजे 120 घरं. यातली बहुतेक घरं मला माहीत आहेत. बोटांवर मोजत बसलो. तीन मुलं असलेलं घर एकही निघालं नाही. एकुलतं एक मूल असलेली घरं सगळ्यांत जास्त. काकांच्या स्वतःच्या घरी तर नातवंडं अमेरिकेत आणि इथे दोघंच. दोनवर थांबणं सोडा, अर्धी बिल्डिंग एकवर थांबलेली आहे. तरी रात्री अकराला टँकर लागतोच.

म्हणजे काका चुकले का? तसंही नाही. लोकसंख्या वाढते आणि पाणी कमी पडतं हे खरंच आहे. पण या दोन गोष्टींच्या मधला रस्ता आपण समजतो तसा सरळ नाही.

आधी पोरांचा हिशेब संपवू. एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतात, याला एकूण जननदर म्हणतात. तो 2.1 च्या आसपास असला, की एक पिढी जाते आणि जवळपास तेवढीच दुसरी येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा जननदर 2.0 निघाला आणि महाराष्ट्राचा 1.7. म्हणजे आपण ती रेघ कधीच ओलांडून खाली आलो आहोत.

मग देशाची लोकसंख्या अजून वाढते कशी? माझ्या आजीचं उदाहरण घेतो. तिला सहा मुलं. सहाही जणांची लग्नं झाली आणि प्रत्येकाने दोनच मुलं होऊ दिली. शहाणपणा झाला. तरी आजी-आजोबा दोन, त्यांची मुलं आणि सुना-जावई मिळून बारा, नातवंडं बारा. एका लग्नाच्या पंगतीला सव्वीस पानं. पुढे नातवंडांनीही दोन-दोनवरच थांबायचं ठरवलं, तरी त्यांची लग्नं होऊन पतवंडं येईपर्यंत पानं वाढतच जाणार, कारण मधल्या पिढीची माणसं आता लवकर जात नाहीत. मोठी पिढी आधी जन्मून गेली की नंतर कितीही आवरलं तरी आकडा काही दशकं चढत राहतो. देशाचं नेमकं हेच चाललं आहे. याला कुणाला नावं ठेवायची तर आमच्या आजीला ठेवावी लागतील, आणि तसं करायची माझी हिंमत नाही.

पण ठाण्याचं कोडं याने सुटत नाही, कारण ठाणं देशापेक्षा फार जोरात वाढलं. 2001 च्या जनगणनेत ठाणे शहरात साडेबारा लाखांहून थोडी जास्त माणसं होती, 2011 ला अठरा लाखांच्या वर. चक्रवाढ व्याजाचा नियम इथेही चालतो. 70 ला वाढीच्या वार्षिक टक्केवारीने भागलं की दामदुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते कळतं. ठाण्याची वाढ वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांत शहर दुप्पट. ठेवीवर असं व्याज मिळालं तर आपण नाक मुरडतो; शहराला मात्र एवढ्यानेच धाप लागते. 2011 नंतर जनगणनाच झाली नाही. पुढची 2027 ला आहे. तोवर नेमका आकडा कुणाकडे नाही आणि अंदाज सगळ्यांकडे आहेत.

त्याच दहा वर्षांतली दुसरी एक ओळ सहसा कुणी वाचत नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा जो मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या त्या काळात घटली. 33.4 लाखांवरून 30.9 लाखांवर आली. आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढून 1 कोटी 10 लाखांवर गेला, देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. 2014 मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. गिरणगावातली खोली विकून डोंबिवलीला गेलेलं कुटुंब, दादरचे भाऊ वेगळे झाल्यावर ठाण्यात घेतलेला वन बीएचके, कोकणातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून थेट कळव्याला उतरलेली माणसं, हे सगळं त्या आकड्यात आहे. ही माणसं जन्माला आधीच आली होती. फक्त ती इथे आली.

एक खाचखळगा आणखी आहे. माणसं तेवढीच राहिली तरी घरं वाढतात. आठ माणसांच्या एका घरात एक मोरी, एक वॉशिंग मशीन, एक फरशी पुसणं. तीच आठ माणसं तीन फ्लॅटमध्ये राहायला गेली, की या सगळ्याला तीनने गुणा.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढा पाऊस पडणाऱ्या गावात टँकर, ही गोष्ट मराठवाड्यातला माझा मेहुणा विनोद समजतो. त्याला मी कागदावर मांडून दाखवलं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. गच्ची 500 चौरस मीटरची धरा. वर्षभराचा पाऊस साडेबारा लाख लिटर. उडालेलं, सांडलेलं, पहिल्या पावसात गच्ची धुऊन गेलेलं वजा करून दहा लाख लिटर हाताशी राहिलं म्हणू.

लहानपणी आम्ही नौपाड्यात राहायचो. तळमजला आणि वर दोन मजले, बारा बिऱ्हाडं, मागे विहीर. बिऱ्हाडात चार माणसं धरली तर 48. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी द्यावं असं सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने इमारतीला दिवसाला साडेसहा हजार लिटर. दहा लाख लिटर म्हणजे पाच महिन्यांचं पाणी. निम्मं वर्ष नव्हे, पण बरंच.

आता माझा टॉवर. गच्ची तेवढीच, 500 चौरस मीटर. घरटी चार धरली तर माणसं 480. रोजची गरज जवळपास 65 हजार लिटर. तेच दहा लाख लिटर पंधरा दिवसांत संपतं.

पाऊस कमी झाला नाही. गच्ची लहान झाली नाही. पाऊस जमिनीच्या क्षेत्रफळावर पडतो आणि माणसं एफएसआयवर, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधकाम करायची परवानगी मिळते त्यावर वाढतात, एवढाच फरक. मजला चढवताना वास्तुविशारद वर फ्लॅट काढू शकतो, वर आणखी एक आभाळ काढू शकत नाही. म्हणून वॉटर हार्वेस्टिंग केलं की टँकर बंद, असं कुणी सांगितलं तर त्याला आधी मजले किती ते विचारावं. हार्वेस्टिंग करायचंच, पंधरा दिवस तर पंधरा दिवस. पण मग उरलेले साडेतीनशे दिवस पाणी कुठून येतं?

बोअरमधून, असं उत्तर कमिटीत येतं. आपल्या पायाखाली काळा कातळ आहे, बेसाल्ट. हा दगड स्पंजासारखा पाणी धरत नाही. पाणी असतं ते भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. शेजारच्या सोसायटीने खोल बोअर मारली की आपली कोरडी पडते, कारण दोघांची भेग एकच असते. खाडीच्या बाजूला उपसा जास्त झाला तर खारं पाणी आत सरकतं. आणि मुरण्यासाठी मोकळी माती लागते, ती पेव्हर ब्लॉकखाली गेली. ठाण्यात एकेकाळी साठच्या वर तलाव होते म्हणतात, आज पस्तीसच्या आसपास उरलेत. मासुंदा तलाव आहे म्हणून त्याच्या काठची तलावपाळी आहे. जे बुजले त्यांची नावंही आता रिक्षावाल्यांना माहीत नाहीत.

म्हणजे बाहेरून आणायचं. ठाणे शहराला स्वतःचं धरण नाही. शहर पितं ते भातसा आणि उल्हास नद्यांचं, शिवाय बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं पाणी एमआयडीसी या सरकारी औद्योगिक महामंडळामार्फत येतं, थोडं मुंबई महापालिकेकडून मिळतं. यातल्या उल्हास नदीची एक गोष्ट मला फार आवडते. कोकणातल्या नद्या एप्रिलमध्ये आटतात, मग उल्हास मे महिन्यात वाहते कशी? एक कारण मावळात आहे. तिथे 1922 च्या सुमारास टाटांनी आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधलं. आंध्रा जाते इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा पंढरपूरला. धरणाने ते पाणी अडवून उलट्या दिशेने, सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कर्जतजवळ भिवपुरीला सोडलं. तिथे वीज तयार होते आणि वापरून झालेलं पाणी उल्हास नदीत पडतं. भर उन्हाळ्यात कल्याणजवळ शहाडला उल्हासमधून जे पाणी उचललं जातं त्यात बारवीचा आणि या आंध्रेच्या पाण्याचा मोठा वाटा असतो. चंद्रभागेला जायचं पाणी आपण ठाण्यात भांडी घासायला वापरतो, असं मी बायकोला सांगितलं तेव्हा तिने नळ बारीक केला. दोन दिवस.

नैसर्गिक साधनांवर ताण येतो म्हणजे नेमकं काय होतं, ते इथे दिसतं. शहर आपल्या हद्दीत जगतच नाही. त्याचे पाय दूरवर पसरलेले असतात. मुंबईने 1860 मध्ये विहार तलाव बांधला तेव्हा तो शेजारच्या साष्टी बेटावरच होता. मग तुळशी 1879 ला. मग 1892 ला तानसा, थेट शहापूरकडे. पुढे वैतरणेवर मोडकसागर, मग भातसा, मग 2014 मध्ये मध्य वैतरणा. दर पिढीला नळ आणखी लांब गेला. ठाणे, कल्याण, मीरा-भाईंदर मागून आले, त्यांना जवळच्या जागा आधीच गेलेल्या दिसल्या. आता डोळा मुरबाडकडच्या काळू नदीवर आहे. तिथल्या आदिवासी गावांचा विरोध आहे आणि धरण वर्षानुवर्षं अडून आहे.

जूनच्या तोंडावर ठाणे स्टेशनबाहेर शेवळं ही रानभाजी विकायला बायका बसतात. कसारा लोकलने येतात, खर्डी-आसनगावच्या बाजूने. शेवळं घेताना सोबत काकडं मागून घ्यायचं, नाहीतर घसा खाजतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांच्याशी त्या नीट बोलतात. एकीला मी विचारलं, यंदा पाऊस कधी म्हणता मावशी? म्हणाली, "येल तवा येल. टँकर आठ दिसांनी येतो, त्यो तरी येळेवर यावा." तिचा पाडा शहापूर तालुक्यात. तानसा त्या तालुक्यात, भातसा त्या तालुक्यात. जलवाहिन्या पाड्यांजवळून जातात, एवढ्या मोठ्या की आत माणूस उभा राहील. पाणी खोऱ्याच्या तळाशी साठतं, पाडे वर टेकाडांवर आहेत आणि वर चढवायला पंप, वीज, पाइप लागतो. तो खर्च कमी मतांसाठी कुणी पटकन करत नाही. हे शेवटचं वाक्य माझं मत आहे.

आणि माप पाहा. शहराला माणशी 135 लिटर, गावासाठी जल जीवन मिशनचं प्रमाण 55 लिटर. ते 55 तरी मावशीच्या हंड्यात मे महिन्यात कुठे पडतात? म्हणून नुसती डोकी मोजून ताण कळत नाही. डोकी गुणिले प्रत्येकाचा वापर, असं मोजावं लागतं. शॉवर, बाथटब आणि पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धुणं यांचा गुणाकार तिकडच्या पाड्यापेक्षा आपल्या टॉवरमध्ये फार मोठा येतो.

पेपरात एमएलडी हा शब्द येतो. एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. 135 च्या हिशेबाने ते साधारण 7,400 माणसांना पुरतं. आमच्या समोर 1,800 फ्लॅटच्या नव्या कॉम्प्लेक्सचा बोर्ड लागला आहे. घरटी चार माणसं धरली तर त्या एका बोर्डामागे रोजचे शंभर टँकर आहेत. बोर्डावर स्विमिंग पूलचं चित्र आहे. पाण्याच्या उगमाचं नाही.

आलेलं पाणी जातंही. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे शंभर टँकर आत आले तर ऐंशी बाहेर. उल्हासचं दुखणं हे, की वरच्या गावांचं गटार आणि खालच्या गावांचा नळ एकाच नदीत आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते. दर उन्हाळ्यात नदीवर जो हिरवागार गालिचा दिसतो आणि लोक ज्याचे फोटो काढतात, तो आपल्याच बाथरूमचा आहे.

वाळू, दगड आणि कचरा यांबद्दल थोडक्यात. मुंब्र्याचं रेतीबंदर नावापुरतं बंदर नव्हतं. खाडीतून काढलेल्या रेतीवर निम्मं ठाणं उभं राहिलं. खडी पारसिकच्या डोंगराने दिली, त्याचे कापलेले कडे नवी मुंबईला जाताना दिसतात. आणि ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं दिवा गावाने सोसला. शहर एकीकडून घास घेतं आणि दुसरीकडे खरकटं टाकतं, दोन्हीकडे राहणारी माणसं वेगळी.

खाडीपलीकडे नवी मुंबईचं चित्र जरा निराळं आहे, आणि ते मुद्दाम सांगायला हवं. 1970 मध्ये सिडको ही शहर वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली ती मुंबईची गर्दी हलवायला. आधी आखणी, मग माणसं, असा उलटा क्रम. नवी मुंबई महापालिकेने 2002 च्या सुमारास खालापूरजवळचं मोरबे धरण विकत घेतलं. क्षमता दिवसाला 450 दशलक्ष लिटर. 135 ने भागलं तर कागदावर 33 लाख माणसांचं पाणी. 2011 ला शहरात होती 11 लाखांच्या वर. म्हणून वाशीतला मित्र टँकर या शब्दाला दचकत नाही. पाऊस लांबला तर कपात तिथेही होते, पण आमच्यासारखी रोजची ओढाताण नाही.

त्याची किंमत मात्र आधीच कुणीतरी चुकवली होती. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन शहरासाठी संपादित झाली. भातखाचरं आणि मिठागरं होती ती. जानेवारी 1984 मध्ये जमीन गेलेल्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. जमीनही नैसर्गिक साधनच आहे. ती पाण्यासारखी आटत नाही, फक्त तिच्यावरचा माणूस बदलतो.

आता वाशीतल्या जुन्या सिडको इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. धरण मोठं आहे, पण गल्लीतली जलवाहिनी जुन्या चार मजल्यांच्या मापाची. पाइपात दुप्पट पाणी ढकलायचं तर दाब दुपटीने नाही, जवळपास चौपटीने लागतो. तो मिळाला नाही की टोकाच्या घराला करंगळीएवढी धार. मित्राला मी हे सांगून ठेवलं आहे. दचकायची थोडी सवय असावी.

परत आमच्या सभेकडे. टाळ्या थांबल्यावर मी एक ठराव मांडला. आमच्या टॉवरला सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी आहे. बिल्डरने परवानगीसाठी बसवला आणि फ्लशसाठी वेगळी पाइपलाइनही टाकली. प्लांट तीन वर्षं बंद आहे, कारण वास येतो आणि वीजबिल येतं. 135 लिटरमधले 45 फ्लशसाठीच धरलेले असतात, एक तृतीयांश. 480 माणसांचे रोज 21,600 लिटर. प्लांट चालू केला तर रोज दोन टँकर कमी. मी आकडे वाचून दाखवले. मेंटेनन्स घरटी थोडा वाढेल हेही सांगितलं, ते सांगायला नको होतं.

काका म्हणाले, "म्हणजे संडासात वापरलेलं पाणी परत संडासात?" मी म्हटलं, हो काका, तिथेच. खालच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की पावसाळा आलाच आहे, आता घाई कशाला. ठराव पुढच्या सभेवर गेला. बटाटेवडे आले, चहा आला. अकराच्या सुमारास वॉचमनने खालून फोन केला, "साहेब, गाडी आली, सही करायला येता का?"